साडीच्या दुकानातला उजेड: पॅनेल वाढवण्याआधी काय पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये दहीपुलाजवळ एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आपले साड्यांचे दुकान आहे. रुंदी १२ फूट, खोली ४० फूट, उंची १० फूट, तोंड पश्चिमेला. सागवानी तक्तपोशीखाली ३६ वॉटची १२ एलईडी पॅनेल आहेत आणि दर्शनी शोकेसमध्ये ५० वॉटचे ४ जुने हॅलोजन दिवे आहेत. तरीही रस्त्यावरून दुकान अंधारे दिसते, मागच्या निम्म्या भागाकडे ग्राहक फिरकत नाहीत, आणि गादीवर पसंत पडलेली साडी ‘जरा उजेडात बघून येते’ असे म्हणत दारापर्यंत नेली जाते. वायरमनने आणखी ८ पॅनेल लावण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का, आणि मानल्यास विक्री वाढेल का, असे आपण विचारले आहे.

ती ८ पॅनेल कृपया लावू नका. कारण साध्या हिशेबात दिसते. आपल्या दुकानाचे क्षेत्रफळ ४८० चौरस फूट, म्हणजे जवळपास ४५ चौरस मीटर. पॅनेलमधून दर वॉटला १०० ल्यूमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे एकक) इतका उजेड मिळतो असे धरले, तर १२ पॅनेल मिळून ४३,२०० ल्यूमेन देतात. त्यातला बराच भाग भिंती, काळपट लाकूड आणि दिव्यांवरची धूळ यांत जिरतो. तरीही जमिनीवर सरासरी ४०० लक्सच्या (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन) आसपास उजेड पोहोचायला हवा. दुकानांसाठी आपल्याकडच्या भारतीय मानकात ३०० ते ७५० लक्सचा पल्ला दिलेला आहे. म्हणजे आकड्यांत आपण कमी पडत नाही. पण हा सगळा उजेड छतातून सरळ खाली येऊन फरशीवर आणि गादीच्या चादरीवर पडतो, आणि आपला माल तर भिंतीलगतच्या उभ्या मांडणीत आहे. लक्समीटर फरशीवर आडवा न ठेवता कप्प्यांच्या तोंडाशी उभा धरून पाहावा. अशा दुकानांत छातीच्या उंचीवर १५० लक्सच्या आसपास आणि खालच्या दोन कप्प्यांत त्याहूनही कमी आकडा मिळणे नेहमीचे आहे. आणखी ८ पॅनेल लावली तर फरशी अधिक लख्ख होईल आणि कप्पे तिच्या तुलनेत होते तितकेच मंद दिसतील.

दारात उभ्या राहिलेल्या माणसाला फरशी फारशी दिसतच नाही. त्याच्या नजरेसमोर दोन बाजूंच्या भिंती आणि शेवटची मागची भिंत असते, आणि दुकान उजळ आहे की कोंदट, हे त्याचे मन या तीन उभ्या पृष्ठभागांवरून ठरवते. माझ्या अनुभवात ‘दुकान अंधारे वाटते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या दुकानात दिवे पुरेसे असतात आणि भिंती मात्र तहानलेल्या असतात.

विक्रीबद्दल मी आपल्याला टक्केवारीचे आश्वासन देणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर विसंबू नये असे मला मनापासून वाटते. या विषयावरचे संशोधन सावधपणे वाचावे लागते. १९९४ साली चार्ल्स अरेनी आणि डेव्हिड किम या अभ्यासकांनी वाइनच्या दुकानातला प्रयोग प्रसिद्ध केला. तेजस्वी उजेडात ग्राहकांनी अधिक बाटल्या हातात घेऊन पाहिल्या, पण विक्रीत त्या प्रमाणात फरक पडला नाही. १९९९ साली कॅलिफोर्नियातील एका वीज कंपनीसाठी एकाच साखळीच्या १०८ दुकानांची पाहणी झाली, आणि छतातून दिवसाचा उजेड येणाऱ्या दुकानांची विक्री सुमारे ४० टक्के अधिक आढळली. तो आकडा जगभर फिरला. परंतु त्याच अभ्यासकांनी २००३ मध्ये दुसऱ्या साखळीची पाहणी केली तेव्हा परिणाम पुष्कळच लहान निघाला, ही गोष्ट फार थोडे जण सांगतात. यातून मी घेतलेला अर्थ असा की उजेड माणसाला मालापर्यंत नेतो, माल हातात घ्यायला लावतो आणि त्याच्या मनातली शंका दूर करतो. पुढचे काम माल, भाव आणि सेल्समनचे बोलणे यांचे असते. साडीच्या धंद्यात मात्र हात लागणे हीच अर्धी विक्री असल्यामुळे आपल्याला उजेडाचा लाभ वाइनच्या दुकानापेक्षा अधिक होईल, असे मला वाटते.

आता दारापासून सुरुवात करू. दुपारी रस्त्यावर सावलीतही १०,००० लक्सहून अधिक उजेड असतो आणि उन्हात तो लाखाच्या घरात जातो. तिथून आत पाहणाऱ्या डोळ्याला ४०० लक्सचे दुकान काळोखी गुहेसारखे दिसणारच. बाहेरच्या उन्हाशी दिव्यांनी स्पर्धा करणे अशक्य आहे. यावर माझा भरवशाचा उपाय म्हणजे सर्वांत आतली भिंत दुकानातली सर्वांत उजळ जागा करणे. मागच्या १२ फुटी भिंतीवर उभ्या मोजमापात ६०० ते ८०० लक्स पडतील असे दिवे लावावेत, त्या भिंतीचा रंग फिका ठेवावा आणि तिच्यावर आपल्या सर्वांत देखण्या ५-६ साड्या उलगडून टांगाव्यात. रस्त्यावरच्या माणसाची नजर मधल्या ४० फुटांवरून सरळ तिथे पोहोचते, आणि नजर जिथे पोहोचते तिथे पाय जायला कचरत नाहीत. सध्या आपल्या मागच्या भिंतीशी गाठोडी आणि रिकाम्या खोक्यांची थप्पी आहे, असे आपल्या वर्णनावरून दिसते. तो साठा माळ्यावर हलवणे हे या सगळ्या योजनेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम ठरेल.

दाराजवळच्या पहिल्या ७-८ फुटांत दिवसा उजेड जास्त आणि रात्री कमी हवा, म्हणून तिथले दिवे वेगळ्या बटणावर घ्यावेत. दिवसा डोळ्याला उन्हातून आत येताना मधली पायरी लागते. रात्री उलट होते. रस्ता मंद असतो आणि दाराशीच डोळे दिपले तर आतला माल फिका वाटतो.

भिंतींवर उजेड पाडण्यासाठी ट्रॅकवरचे, म्हणजे छताच्या पट्टीत सरकवता-फिरवता येणारे, स्पॉट दिवे घ्यावेत, कारण साडीच्या दुकानात मांडणी सतत बदलते आणि पक्क्या बसवलेल्या दिव्याला मालामागे फिरता येत नाही. ट्रॅक कुठे बसवायचा हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांनी कलता असावा. दिवा १० फुटांवर आहे आणि झोताचा मध्य जमिनीपासून ५ फुटांवर पाडायचा आहे असे धरले, तर मांडणीच्या तोंडापासून ट्रॅकचे अंतर ३ फुटांपेक्षा किंचित कमी येते. अंतर यापेक्षा फार कमी केले तर वरचा कप्पा भाजल्यासारखा लख्ख आणि खालचे कप्पे काळे, असा नेहमीचा दोष दिसतो. फार जास्त केले तर मांडणीकडे तोंड करून उभ्या ग्राहकाची स्वतःचीच सावली साडीवर पडते. आपल्या दोन्ही बाजूंच्या मांडण्या सव्वा-सव्वा फूट खोल धरल्या, तरी मध्ये साडेनऊ फूट उरतात. त्यात दोन्ही बाजूंचे ट्रॅक ३ फुटांवर घेऊनही त्यांच्यामध्ये साडेतीन फुटांची जागा राहते. म्हणजे दुकान अरुंद असूनही हे बसते.

झोताची रुंदी दिव्याच्या खोक्यावर अंशांत छापलेली असते. त्यातला फरक डोळ्यांसमोर आणायचा तर ८ फुटांवरून २४ अंशांचा झोत साडेतीन फुटांच्या आसपास व्यासाचे वर्तुळ पाडतो, ३६ अंशांचा सव्वापाच फुटांच्या आसपास, आणि १५ अंशांचा जेमतेम दोन फुटांचे. मांडणीसाठी ३६ अंश घ्यावेत, टांगलेल्या एकेका साडीसाठी २४ अंश. १५ अंशांचे दिवे साडीच्या दुकानात फारसे कामाचे नसतात. ते दागिन्यांच्या काउंटरला शोभतात. १२ वॉटचा चांगला स्पॉट सुमारे १,००० ल्यूमेन देतो आणि या मापाने बसवल्यास कप्प्यांच्या मधोमध ४०० लक्सच्या वर उजेड मिळतो, म्हणजे आजच्या जवळजवळ तिप्पट. सगळीच भिंत सारखी उजळवू नये, ही विनंती. शेजारच्या जागेपेक्षा तिप्पट उजेड असला की डोळ्याला फरक जाणवू लागतो आणि पाचपट असला की नजर तिथे थांबते. दर ८-१० फुटांनी एक जागा अशी थांबण्याची असू द्यावी: एका मांडणीत उलगडलेली पैठणी, पुढे एखादी इरकल, पुढे एक कांजीवरम.

या सगळ्याहून महत्त्वाचा प्रश्न रंगाचा आहे. ग्राहक साडी दारापर्यंत नेतो तेव्हा तो आपल्या दुकानातल्या दिव्यावर अविश्वास दाखवत असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. स्वस्त एलईडीच्या आत मुळात निळा उजेड देणारा एक कण असतो आणि त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो उजेड पांढरा भासतो. या पांढऱ्या उजेडात गडद लाल रंगाचा हिस्सा अनेकदा फार कमी असतो. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय नावाचा निर्देशांक ८ फिकट रंगांच्या सरासरीवर काढला जातो आणि गडद लाल रंग त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्याचे मोजमाप आर-९ या वेगळ्या नावाने होते. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-९ शून्याजवळही असू शकतो. अशा दिव्याखाली कुंकवाचा लाल विटकरी दिसतो, डाळिंबी तपकिरीकडे झुकतो, राणी रंगातला तजेला निघून जातो. आपल्या गादीवर सर्वांत जास्त उलगडले जाणारे रंग कोणते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. लग्नसराईत लाल, डाळिंबी आणि राणी या तीन रंगांनाच असा दिवा मारक ठरतो. म्हणून खरेदी करताना सीआरआय किमान ९० आणि आर-९ किमान ५० अशी अट लेखी घालावी. विक्रेत्याने तोंडी ‘नव्वद आहे’ म्हटले तर एलएम-७९ या, दिव्याचा उजेड आणि रंग मोजणाऱ्या प्रमाणित चाचणीचा अहवाल मागावा. नामांकित उत्पादकाकडे तो असतो. अहवाल मिळत नसेल, तर लाल रंगाच्या तीन जवळच्या छटांचे तुकडे सोबत न्यावेत, ते आधी दुकानाबाहेर उजेडात आणि नंतर त्या दिव्याखाली पाहावेत. छटा वेगळ्या ओळखू आल्या नाहीत तर दिवा परत करावा.

पांढरा उजेड किती पिवळट आणि किती निळसर, हे केल्व्हिनमध्ये मोजतात. ६५०० केल्व्हिनचे निळसर दिवे ‘जास्त उजेड देतात’ अशी समजूत आपल्या बाजारात खोल रुजली आहे आणि आपली पॅनेलही बहुधा तीच असावीत. त्या उजेडात सोनेरी जर निस्तेज होते, केशरी आणि हळदी रंग हिरवट वाटतात, आणि ग्राहकाच्या चेहऱ्यावर आजारपणाची कळा येते. आरशात स्वतःचा चेहरा उतरलेला दिसला की साडी कितीही सुंदर असली तरी मन होत नाही. संपूर्ण दुकानासाठी मी ४००० केल्व्हिन एकसारखे ठेवण्याचा सल्ला देईन. एका भिंतीवर पिवळट आणि दुसऱ्या भिंतीवर निळसर असे मिश्रण कटाक्षाने टाळावे.

अपवाद फक्त गादीचा, आणि हा अपवाद हाच माझ्या उत्तराचा गाभा आहे. गादीच्या वर दोन प्रकारचे दिवे दोन वेगळ्या बटणांवर बसवावेत, दोन्हींचा सीआरआय ९० च्या वर असावा: एक ३००० केल्व्हिनचा, म्हणजे मंगल कार्यालयातल्या रात्रीच्या उजेडासारखा, आणि एक ५५०० ते ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळ जाणारा. सेल्समनने साडी उलगडली की त्याने स्वतःहून सांगावे, ‘ताई, दिवसा अशी दिसेल,’ आणि बटण बदलून, ‘हॉलमध्ये संध्याकाळी अशी.’ दोन रंग एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसतात, हा रंगाऱ्यांना चांगला परिचित असलेला गुण आहे. ब्लाउजपीस जुळवताना घरोघरी होणारी फसगत त्यातूनच होते. आपण तो फरक आधीच दाखवला तर दाराकडची फेरी वाचते, साडी रस्त्यावरच्या धुळीत जात नाही, आणि बदलून मागण्याचे प्रसंग कमी होतात. विकलेल्या मालाबद्दल घरी गेल्यावर पश्चात्ताप होऊ नये, हे दुकानदाराचे कर्तव्य आहे असे मी मानतो, आणि दिवा हे त्याचे साधन आहे.

गादीवरचा उजेड कुठून यावा यालाही तितकेच महत्त्व आहे. ग्राहक मांडणीकडे तोंड करून बसतात, सेल्समन त्यांच्या समोर. दिवा ग्राहकांच्या पाठीमागे असेल तर पुढे वाकून पाहणाऱ्या चार डोक्यांच्या सावल्या साडीवर पडतात, आणि आपल्या आजच्या पॅनेलच्या मधल्या रांगेमुळे नेमके हेच होत असणार. दिवे सेल्समनच्या बाजूने, किंचित तिरके, ग्राहकांकडे यावेत. जरीची चमक ही धातूची चमक आहे. ती पसरट पॅनेलखाली मेलेली दिसते आणि लहान, केंद्रित दिव्याखाली जागी होते, कारण दिव्याचा किरण जरीवरून परतून थेट ग्राहकाच्या डोळ्यापर्यंत यावा लागतो. येवल्याच्या पैठणीचा पदर सेल्समन हातावर घेऊन हलवतो तेव्हा मोरांच्या पिसाऱ्यातली जर कणाकणाने चमकली पाहिजे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाव साडीची सारी करामतही अशाच तिरक्या उजेडात कळते. सुती साडीला मात्र एवढ्या झळाळीची गरज नसते. तिचा पोत बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात चांगला दिसतो, म्हणून गादीवरचा एक दिवा बाजूने घ्यावा. गादीची चादर झगझगीत पांढरी असू नये. तिच्यावर ८०० लक्स पडले की डोळ्यांची बाहुली आकसते आणि तिच्यावर ठेवलेली जांभळी किंवा गर्द हिरवी साडी काळी दिसू लागते. फिकट मोतिया किंवा राखाडीकडे झुकणारी चादर वापरून पाहावी, फरक त्याच दिवशी कळेल.

आरशाजवळ वरून एकच दिवा असेल तर डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावल्या पडतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर उभे, दुधी आवरणाचे दिवे लावावेत. खर्च थोडा आहे आणि परिणाम प्रत्येक ग्राहक स्वतः पाहतो.

शोकेसकडे येतो. आपले तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपारी तीननंतर काचेवर थेट ऊन येते. साधी काच समोरून येणाऱ्या उजेडाचा सुमारे ८ टक्के भाग परत फेकते. समोरच्या उन्हातल्या रस्त्याचे ८ टक्के हे आतल्या २,००० लक्सच्या साडीइतकेच किंवा त्याहून अधिक तेजस्वी ठरू शकतात, म्हणून त्या वेळी ग्राहकाला साडीऐवजी रस्ताच काचेत दिसतो. यावर दिवे वाढवण्याआधी बाहेर सरकती कापडी शेड घ्यावी, मागचा पडदा फिका ठेवावा, कारण गडद पडद्यासमोर काच आरसा बनते, आणि साडी काचेच्या शक्य तितकी जवळ आणावी. मग २० वॉटचे ५ एलईडी स्पॉट पुरेत. ते काचेच्या आतल्या बाजूला वर, पुढून मागे झोत टाकणारे असावेत. मागून पुढे टाकले तर रस्त्यावरच्या माणसाचे डोळे दिपतात.

हॅलोजन मात्र लगेच काढावेत. चार मिळून २०० वॉट, आणि त्यातला बहुतांश भाग उष्णता होऊन बंद कपाटात साठतो. रेशीम कोरडे पडते. रंग उडण्याचा धोका एलईडीने कमी होतो, संपत नाही, कारण एलईडीत अतिनील किरण नगण्य असले तरी साधा दृश्य उजेडही रंग खातो आणि हानी उजेड गुणिले तास या हिशेबाने साचत जाते. संग्रहालयांत रेशमी वस्त्रांवर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. २,००० लक्सच्या शोकेसमध्ये टांगलेली पैठणी एका दिवसात तिथल्या ४० दिवसांइतका उजेड सोसते, आणि पश्चिमेचे ऊन वेगळेच. म्हणून दर आठवड्याला साडी बदलावी, बदलताना घडी वेगळ्या रेषेवर घालावी, आणि सर्वांत महागडी साडी शोकेसमध्ये न लावता आतल्या भिंतीवर ठेवावी.

विजेचा हिशेब आपल्याला काळजी करण्यासारखा नाही. आज पॅनेलचे ४३२ वॉट आणि हॅलोजनचे २०० वॉट, मिळून ६३२ वॉट चालू आहेत. माझ्या सुचवण्यात ६ पॅनेल राहतील, म्हणजे २१६ वॉट. भिंतींसाठी १२ वॉटचे २० स्पॉट, म्हणजे २४० वॉट. गादीवर १५ वॉटचे ४ दिवे, म्हणजे ६० वॉट. शोकेसचे १०० वॉट. बेरीज ६१६ वॉट होते, आणि आरशाचे दिवे धरूनही ती आजच्या जवळपासच राहते. दिवसाला १० तासांप्रमाणे महिन्याला १८५ ते १९० युनिट, म्हणजे आज येतात तितकेच. पुरवठादाराकडून भार वाढवून घेण्याची गरज पडणार नाही. वायरमनची ८ पॅनेल लावली असती तर त्याच वेळात महिन्याला ८६ युनिट वाढले असते.

जुन्या वाड्यात वायरिंगबाबत मी कठोर आहे. सागवानी तक्तपोशीवर उघडी वायर किंवा मोकळा ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा छोटा डबा) कधीही ठेवू नये; धातूच्या पाइपातून वायर न्यावी, ड्रायव्हर हवेशीर आणि हात पोहोचेल अशा जागी बसवावेत, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग घ्यावे, आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावे. पावसाळ्यात विजेच्या दाबातले झटके ड्रायव्हर जाळतात, म्हणून मुख्य बोर्डावर सर्ज संरक्षक बसवणे फायद्याचे आहे. दिवा पारखताना मोबाइलचा कॅमेरा त्याच्याकडे धरावा. पडद्यावर सरकते पट्टे दिसले तर त्याचा ड्रायव्हर हलका आहे, आणि अशा उजेडात दिवसभर बसणाऱ्या सेल्समनचे डोळे व डोके दुखते. लाकडी छताला पांढरा रंग मात्र देऊ नका. उजेडासाठी ते फायद्याचे असले तरी आपण झोत थेट भिंतींवर टाकत असल्यामुळे छतावरून परतणाऱ्या उजेडाची आपल्याला गरज उरत नाही, आणि तक्तपोशी हे आपल्या दुकानाचे वैभव आहे.

आपल्या भावाचे सराफ बाजारात दुकान आहे असे आपण ओघात लिहिले आहे, म्हणून दोन शब्द. तिथे हे आकडे तसेच वापरू नयेत. सोन्याला ३००० केल्व्हिन, हिऱ्याला ५००० च्या वरचे लहान लहान केंद्रित दिवे आणि चांदीला ४००० च्या आसपासचा उजेड मानवतो. तिन्ही एका काउंटरवर ठेवली तर एकाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होतो, म्हणून काउंटर वेगळे करावेत. काउंटरच्या आतली एलईडी पट्टी ग्राहकाच्या बाजूच्या कडेला, दुधी आवरणाखाली हवी. उघडी असली तर काचेत ठिपक्यांची रांग दिसते. तांबट लेनमधल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचे तंत्र आणखी वेगळे आहे. घासलेले भांडे स्वतःचा रंग कमी आणि समोरचे दृश्य जास्त दाखवते, म्हणून त्याच्यावर झोत टाकण्यापेक्षा त्याच्या समोरची भिंत फिकट करून उजळवली की भांड्याचा गोलवा खुलतो.

एकदम सगळा खर्च करणे शक्य नसेल तर क्रम असा ठेवावा: प्रथम गादी, मग मागची भिंत, नंतर आरसा आणि बाजूच्या मांडण्या, शेवटी शोकेसचे नवे स्पॉट; हॅलोजन मात्र त्याआधीच, लगेच काढलेले असावेत. बाजूच्या मांडण्यांचे स्पॉट सगळे एकदम घेण्याआधी ४ दिवे आणून डाव्या मांडणीच्या एका भागावर दोन आठवडे लावावेत, आणि त्या भागातून किती साड्या दाखवायला काढल्या व किती विकल्या गेल्या याची नोंद वहीत ठेवावी. नंतर तेच दिवे समोरच्या उजव्या मांडणीवर न्यावेत, माल जागचा हलवू नये, आणि पुन्हा दोन आठवडे नोंद करावी. दिव्याबरोबर मागणी सरकली तर आपल्याला आपल्याच दुकानाचा पुरावा मिळाला. ही चाचणी दिवाळी किंवा लग्नसराईच्या ऐन गर्दीत करू नये, कारण तेव्हा सगळ्याच कप्प्यांची विक्री वाढते आणि निष्कर्ष फसवा निघतो.

दिवे बसवल्यानंतर झोत लावण्याचे काम दिवसा न करता दुकान बंद झाल्यावर, शटर ओढून, रस्त्याचा उजेड बाहेर ठेवून करावे. एकाने शिडीवर चढावे आणि दुसऱ्याने गादीवर, ग्राहकाच्या जागी, ग्राहकाच्या उंचीने बसून सांगावे. उभे राहून सांगितलेला झोत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जातो. आपल्या दोन सेल्समनना स्पॉट फिरवायला शिकवावे आणि मांडणी बदलली की दिवा फिरवणे हे त्यांच्याच कामात धरावे. दिव्यांच्या काचा महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसाव्यात, कारण दहीपुलाच्या रस्त्याची धूळ आणि संध्याकाळच्या उदबत्तीचा धूर यांचा थर बसला की उजेड हळूहळू उतरत जातो आणि रोज पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.